चाखणी मंडळ आमच्या घरी

आमचे हे काहीही खातात. हे मी कौतुकानं सांगत नाही. लोक कौतुकानं सांगतात, म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं. यांनी गोगलगायी खाल्ल्यात, तळलेल्या अळ्या खाल्ल्यात, जमिनीत पुरून ठेवलेला मासा खाल्लाय. राखेत मुरवून काळं केलेलं अंडं खाऊन आले त्या दिवशी दारातून चपला काढल्यापासून जे बोलत सुटले ते जेवणाची वेळ झाली तरी थांबेनात. मी शिलाई मशीनवर बसून पडद्याला दुमड घालत होते. ऐकतेय की नाही हे त्यांनी विचारलं नाही, मीही मान वर केली नाही.

आणि हाच माणूस घरात फोडणी जरा वेगळी पडली तर ताट पुढे सरकवतो.

नोकरीभर ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांत शिरायचे, तराजूची पारडी उचलून बघायचे, दुकानदारांना घाम फोडायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा जगातल्या लोकांची जेवणं तपासायला घेतली. दातांचे एक डॉक्टर, एक वकीलबाई, एक सहली काढणारे गृहस्थ आणि हे, असं चौघांचं चाखणी मंडळ निघालं. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं आणि कुठल्यातरी परक्या लोकांचा, सहसा न मिळणारा पदार्थ मिळवून खायचा. यांनी त्याला नियमही केले. ज्यानं पदार्थ केला त्यानं आधी उभं राहून पदार्थाची कहाणी सांगायची. मग प्रत्येकानं तीन घास घ्यायचे, एक जिभेसाठी, एक नाकासाठी आणि एक विचारासाठी. मग पुठ्ठ्याच्या पाट्या वर करून दहापैकी गुण द्यायचे. विचारासाठी घास! मी इतकी वर्षं या माणसाला दोन वेळ जेवायला घालतेय, विचार काही पोटात गेलेला दिसला नाही.

आमची सून आमच्यातली नाही. तिचं गाव डोंगरांपलीकडे, तिथली माणसं वेगळी, त्यांची बोली वेगळी. ती इथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आमचे चिरंजीव नंबर काढायला गेले आणि लग्न ठरवून आले. मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली. कमी बोलते, पण बोलते ते तोंडावर. यांनीही विरोध केला नाही. उलट मंडळात मिरवलं, की बघा, आमच्या घरात आता बाहेरची चव आली.

तर त्या महिन्यात आमच्या घरची वेळ होती. त्या सहलीवाल्या गृहस्थांनी यांच्या कानात भरवून दिलं की तुमच्या सुनेच्या लोकांत एक पदार्थ असतो, तो कुठल्या हॉटेलात मिळत नाही, विकत मिळत नाही, परक्याला तर बघायलाही मिळत नाही. झालं. हे घरी आले ते लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून.

"सूनबाई, तुमच्यात ते आंबवलेल्या धान्याचं काहीतरी करतात ना? कडू पानं घालून?"

ती ओट्याशी चाकूनं काकडी चिरत होती. चाकू थांबला.

"करतात."

"मग या रविवारनंतरच्या रविवारी तूच कर. मंडळ आपल्याकडे आहे."

"नाही, बाबा. ते असं करत नाहीत."

"असं म्हणजे कसं? करताना शिकशील मग. आईला फोन करून विचार!"

ती काकडी तशीच टाकून आत गेली. यांना वाटलं तिला करता येत नाही म्हणून लाजली. खरंच तसं वाटलं यांना. मग दोन दिवस तोंड पाडून बसले. मुलगा इकडून तिकडे, तिकडून इकडे. टायरच्या कंपनीत विक्री बघतो तो, त्यामुळे कुणाचं काही बिनसलं की सगळ्यांना थोडी थोडी सूट देऊन मिटवायचं, एवढंच त्याला येतं. मला म्हणाला, "आई, तू बोल ना तिच्याशी. एवढ्याशा गोष्टीवरून घरात ताण नको."

मी गेले तिच्याकडे. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मनात नसेल तर करू नकोस, मी यांना बघते. पण मला कळू दे तरी, काय आहे ते."

मग तिनं सांगितलं. शर्टाच्या बाह्या मुडपत, माझ्याकडे न बघता.

तिच्या लोकांत घरातलं माणूस गेलं की धान्य भिजत घालतात. ते झाकून ठेवायचं. आंबून फसफसायला लागलं की कडू पानं घालून शिजवायचं, तेही घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. त्याचा वास घाणेरडा असतो, असावाच लागतो. कारण गेल्याची बातमी तोंडानं कुणाला सांगायची नसते. वास गल्लीत जातो, लोक बोलावल्याशिवाय येतात आणि दारात विचारतात, कोण गेलं? तेव्हा घरच्यांनी पहिल्यांदा नाव घ्यायचं. मग सगळ्यांनी एकाच भांड्यातून खायचं आणि भांडं रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही. हे होत नाही तोवर ते माणूस गेलं असं धरतच नाहीत.

"गेल्या वर्षी माझे वडील गेले," ती म्हणाली. "दरड कोसळून रस्ते बंद होते, मला जाता आलं नाही. म्हणून मी इथेच धान्य भिजत घातलं होतं. तुम्ही तुमच्या बहिणीकडे होतात, तिच्या ऑपरेशनसाठी."

"मग?"

"बाबांनी ओतून दिलं. मोरीत. मी कामावर गेले होते. त्यांच्याकडे कुणी यायचं होतं, म्हणाले नासलेलं काहीतरी ठेवलंय, पडद्यांना वास लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडदे! ते पडदे माझे. कापड मी आणलं, शिवले मी, धुते मी. आणि त्यांच्या नावावर या माणसानं एका मुलीच्या बापाचं सुतक मोरीत ओतलं होतं, आणि वर्षभर मला घरात कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"आणि हा? माझा मुलगा? हा काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबांना माहीत नव्हतं, सोडून दे."

मी तशीच बाहेर गेले. हे खुर्चीत बसून पाट्यांवरचे जुने आकडे खोडत होते. मी विचारलं, "गेल्या वर्षी तिचं भांडं तुम्ही ओतलंत?" आधी आठवेना. मग आठवलं. म्हणाले, "अगं, मला काय माहीत ते काय होतं! मला वाटलं नासलंय."

"विचारलंत?"

"अगं, आता कळलं ना. म्हणून तर म्हणतोय, कर. म्हणजे तिचं राहून गेलेलं होऊन जाईल आणि मंडळाचंही होईल. दोन्ही कामं एकदम!"

आनंदानं म्हणाले हो. तोडगा सापडल्याच्या आनंदानं. मी आयुष्यात कधी कुणावर हात उचललेला नाही, पण त्या क्षणी मशीनवरची कापडाची कात्री माझ्या हातात आली होती आणि ती मी मुकाट्यानं टेबलावर ठेवली, हे माझं नशीब आणि त्यांचंही. मी त्यांना सांगितलं की माझ्या घरात हा तमाशा होणार नाही. ते म्हणाले, मी सगळ्यांना सांगून बसलोय. मी म्हटलं, बसलात तसे उठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून डबा भरता भरता म्हणाली, "मी करते, आई."

मला वाटलं मुलानं रात्रभर तिचं डोकं खाल्लं असणार. तसंही असेल. पण ती म्हणाली, "परत मला या घरात ते भांडं कोण ठेवू देणार? शिजायचं असेल तर ते असंच शिजेल. माझे वडील वर्षभर दारात उभे आहेत असं वाटतं मला. आत ये म्हणता येत नाही, जा म्हणता येत नाही."

मी तिच्या डब्याचं झाकण लावून दिलं. मागून चिरंजीव आले आणि म्हणाले, "बघ, तिची हरकत नाहीये. तूच उगाच चिडतेस." त्याला मी असं काही सुनावलं की तो चहा न घेताच कामावर गेला.

तिनं धान्य भिजत घातलं. बाल्कनीत, कपडे धुण्याच्या दगडाशेजारी, कापड बांधून. चार दिवसांत वास सुटला. खोटं कशाला बोलू, भयंकर वास होता. ओले मोजे आणि शिळं ताक एकत्र करून उन्हात ठेवावं तसा. आणि आमचे हे रोज सकाळी बाल्कनीत जाऊन कापड उचलून हुंगायचे. उचलू नका असं तिनं सांगितलं होतं, तरी. मग फोनवर डॉक्टरांना सांगायचे, "वास काय आहे म्हणून सांगू, अस्सल!" नाक तेच. गेल्या वर्षीचंच. गेल्या वर्षी मात्र त्या नाकाला तो अस्सल लागला नव्हता.

रविवारी दुपारी पाहुणे यायचे होते. मी सकाळी बाहेरच्या खोलीत आले तर खिडक्या उघड्या बोडक्या. यांनी सगळे पडदे काढून, घड्या घालून कपाटात ठेवले होते. "वास लागायला नको ना," मला म्हणाले, शाबासकीची वाट बघत. म्हणजे पडदे काढता येतात हे यांना सुचू शकत होतं. गेल्या वर्षीही सुचू शकलं असतं. मला या गोष्टीचा इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच सगळे डबे उतरवून पुसले.

सून तिकडेच होती. शिजवत होती. तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या, बाथरूमचीसुद्धा. वाफ जिन्यातून खाली गेली, बाहेर गेली. खालच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन खिडकी लावली.

मंडळ आलं. वकीलबाईंनी आल्या आल्या नाकाला रुमाल लावला आणि मग आठवण होऊन काढला. डॉक्टरांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. सहलीवाल्यांनी फोन काढून भांड्याचे फोटो घेतले, वरून, बाजूनं, सुनेला जरा सरका म्हणून पुन्हा एकदा. टेबलावर आमचे चांगले काचेचे वाडगे, चमचे, शेजारी पाट्या. हे मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपल्या मंडळाचा भाग्याचा दिवस आहे. सूनबाई, कहाणी!"

ती भांड्याशेजारी उभी राहिली. मला वाटलं दोन वाक्यांत उरकेल. पण तिनं सगळं सांगितलं. धान्य कसं भिजवतात, खिडक्या का उघडतात, लोक दारात काय विचारतात. मग म्हणाली, हे गेल्या वर्षी या घरात माझ्या वडिलांसाठी व्हायचं होतं, ते मोरीत ओतलं गेलं, म्हणून माझ्या लेखी माझे वडील अजून गेलेले नाहीत. कुणी ओतलं ते तिनं सांगितलं नाही. यांच्याकडे बघितलंही नाही. आवाज चढला नाही.

मला वाटलं, चला, माणसं आहेत, कळलं. आता उठतील, तिची माफी मागतील, निदान मान खाली घालतील.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "काय कहाणी आहे! अंगावर काटा आला बघा." आणि पाटी उचलली. "घास नंतर. कहाणीला माझ्याकडून दहापैकी दहा."

वकीलबाई म्हणाल्या, "दहा नाही, साडेनऊ. शेवट जरा आणखी हवा होता." आणि हे! हे छाती फुगवून सगळ्यांकडे बघत होते, जणू यांनीच बाप घालवून ती कहाणी मिळवली होती. मुलगा भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

मी काहीतरी करणार एवढ्यात बेल वाजली.

दारात समोरच्या इमारतीतली बाई होती. तिला मी ओळखत होते, ते भांडणामुळे. गाडी वाटेत लावते म्हणून मी तिला दोनदा फैलावर घेतलं होतं आणि तिनंही मला सोडलं नव्हतं. इस्त्रीचं जाकीट, हातात गाडीची किल्ली. मला वाटलं वासावरून भांडायला आली, आणि मी त्या मनःस्थितीत होते की म्हटलं, ये, तुझीच कमी होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, किल्ली खिशात टाकली आणि माझ्या खांद्यावरून आत बघून हळू विचारलं,

"कोण गेलं?"

माझ्यामागे सुनेच्या तोंडून एक आवाज आला. तो मला लिहिता येणार नाही. वर्षभर ती या घरात उठली, बसली, कामावर गेली, हसलीसुद्धा, आणि हा आवाज तिच्या आत होता. ती बाई तशीच आत आली आणि तिनं तिला धरलं. दोघी एकमेकींना यापूर्वी कधी भेटल्या नव्हत्या. त्यांच्या बोलीत ती काहीतरी पुटपुटत होती आणि सून रडत होती, उभ्याउभ्या, मंडळासमोर.

आणि आमचे हे पुढे झाले. मला अजून खरं वाटत नाही, पण झाले. त्या बाईला म्हणाले, "वा, तुम्ही तिकडच्याच का? बसा ना, बसा. तुम्हाला तर चव बरोबर जमलीय की नाही ते सांगता येईल. एक पाटी द्या रे यांना."

बस. मी टेबलापाशी गेले, फडक्यानं भांड्याचे कान धरले आणि भांडं उचललं. जड होतं, गरम होतं, हात पोळला. हे म्हणाले, "अगं, अगं, वाढायचं ते मी..."

"वाढायचं काही नाही," मी म्हटलं. "उठा सगळे. तुमच्या जिभांना हाड नाही ते मला माहीत होतं, पण काळीजही नाही ते आज कळलं. डॉक्टर, तुमची आई गेली तेव्हा मी आले होते ना भेटायला? तेव्हा किती गुण देऊन आले होते मी?"

डॉक्टरांच्या हातात पाटी तशीच होती. ती खाली कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

हे चिडले. पाहुण्यांसमोर त्यांचा अपमान झाला होता ना. "तुला शिष्टाचार आहे की नाही? लोक किती लांबून आलेत. निदान एक-एक चमचा तरी! मंडळाला मी शब्द दिलाय."

"हे घरच्यांचं जेवण आहे," मी म्हटलं. "एक दिवस तुमच्याही नावानं करू. तेव्हा शब्द पाळायला तुम्ही नसाल."

त्या दोघींना पुढे घातलं आणि स्वयंपाकघराचं दार मी पायानं लावलं. आत आम्ही तिघी. सुनेनं माझ्या हातून घेऊन जमिनीवर भांडं ठेवलं आणि आम्ही भोवती बसलो. त्या बाईनं जाकीट काढून ओट्यावर टाकलं. सून म्हणाली, घरातल्या सगळ्यांनी खायचं असतं. मी म्हटलं, घरातली मी आहे. मग तिनं वडिलांचं नाव घेतलं. मी ते नाव लग्नपत्रिकेवर वाचलं होतं, त्यानंतर कधी तोंडात घेतलं नव्हतं. त्या दिवशी तिच्यामागून घेतलं.

बाहेर मुलाचा आवाज येत होता. तो फोनवर पाहुण्यांसाठी काहीतरी मागवत होता. चार माणसांचं, जरा लवकर, हो, गरम पाठवा. मग त्यानं दारावर टकटक केली. "मी येऊ का?"

सुनेनं दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "नको."

तो माझा मुलगा आहे. तरी मला बरं वाटलं.

तिघींनी मिळून सात-आठ जणांचं भांडं संपवलं. पाय आखडले, पोट तट्ट झालं, मधे थांबलो, पुन्हा सुरुवात केली. बोटानं तळ पुसेपर्यंत कुणी उठलं नाही.

पाहुणे कधी गेले मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अबोला धरून चहाला बसले. कप अर्धा होईपर्यंत टिकले. मग राहवेना. म्हणाले, "झालं ते झालं. पण चव कशी होती? आंबट होतं ना? आणि ती पानं शेवटी कडू लागतात की आधी?"

मी त्यांच्यासमोरचा कप उचलून विसळायला नेला. तेव्हापासून त्यांनी कितीतरी वेळा विचारलंय. सरळ विचारून झालं, गोड बोलून झालं, भांडून झालं. मध्यंतरी ताप आला होता तेव्हा अंथरुणातून विचारलं. मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.